शंभर कैऱ्यांची शिक्षा

"त्याला तुरुंगात घालाल, पण माझं लोणचं कोण देणार?" गोदूकाकूंनी भर सभेत तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षांना विचारलं. काकूंची नुकतीच भरलेली बरणी पळवणारा दामू मान खाली घालून उभा होता. "तक्रार राहू द्या. दामू, उद्या घरी ये. अडकित्ता माझा, हात तुझे. शंभर कैऱ्या फोडायच्यात."

कैरीच्या फोडी झाल्या कमी, दामूच्या हाताला फोड आले जास्त. मोहरी फेसताना तर नाकाडोळ्यांतून धारा लागल्या. पण काकूंनी चव घेतली, मान डोलावली आणि एक छोटी बरणी त्यालाही भरून दिली.

आठवड्याने दामू तणतणत आला. "काकू, माझी बरणी चोरीला गेली! चोर पकडलाय."

"मग दे पोलिसांत."

"पोलिसांत? इतक्या स्वस्तात सोडू? काकू, तो अडकित्ता काढा!"