पडदा उघडा आहे

“पडदा बघून खूण करू नकोस. जिना चढून ये, दार वाजव, मी दिसले की मगच कर.” समोरच्या इमारतीतल्या सिस्टरबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तिने हो म्हटलं आणि कानाआड केलं. चार महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन रोज दोन मजले उतरायचे, दोन चढायचे, आणि ते कशासाठी? घरच्या खिडकीतून दिसतं तेच बघायला.

योजना नगरपालिकेची होती. पासष्टच्या वरचं कुणी एकटं राहत असेल, तर एका शेजाऱ्याने रोज सकाळी त्याच्याकडे बघून यायचं आणि छापील तक्त्यावर खूण करायची. रकाने दोनच. ‘ठीक’ आणि ‘ठीक नाही’. सिस्टरबाईंनी चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढलेली, मागेपुढे कुणी नाही. शेजारी म्हणून त्यांनीच तिचं नाव दिलं होतं.

“मीच का?” तिने विचारलं होतं.

“तू घरात असतेस. आणि तुला साऱ्या जगाची काळजी. त्यातली थोडी माझी कर.”

काळजी होती खरी. गॅसचं बटण ती तीन-तीनदा बघायची. बाळ झोपलं की त्याच्या नाकाशी बोट धरून बसायची. नवरा कामानिमित्त परगावी. रविवारी फोन करायचा, “ठीक ना सगळं?” ती म्हणायची, “ठीक.”

सकाळी आठला ती स्वयंपाकघराचा पडदा बोटभर सरकवायची. समोर सिस्टरबाईंचा पडदा उघडा असायचा. ठीक. मग आपला पडदा पुन्हा सोडायची. अलीकडे उजेड डोळ्यांना नकोसा होई.

सुरुवातीला सिस्टरबाई खिडकीतल्या खुर्चीत बसलेल्या दिसायच्या. हात करायच्या, हाक मारायच्या. “उठलीस का गं? पोटात काही ढकललंस का?”

“वय झालं की माणसं चोंबडी होतात,” तिने नवऱ्याला सांगितलं होतं. तो हसला होता.

या आठवड्यात खुर्ची रिकामीच होती. सोमवारी गल्लीत कुठल्याशा गाडीचा भोंगा वाजला, बाळ दचकून उठलं, तेव्हा तिने खिडकीच लावून घेतली. पण समोरचा पडदा रोज उघडा होता. चहा टाकत असतील. आंघोळीला गेल्या असतील. ठीक. ठीक. ठीक.

शनिवारी वॉर्डाचा कारकून तक्ता न्यायला आला. दार बराच वेळ वाजत होतं, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

“झोपला होतात का, वहिनी?”

“नाही. बसले होते.”

“फोनही लागत नाही तुमचा.”

मोबाइल रविवारी रात्री बंद पडला होता, तो तसाच होता. तिने तक्ता पुढे केला. कारकुनाने सरळ खाली बोट फिरवलं आणि तो खूश झाला. “एक खाडा नाही. आपला वॉर्ड पहिला येतोय बघा. साहेब म्हणतात, खुणा पुऱ्या पाहिजेत. माणसं काय, असतातच.” मग त्याने आवाज खाली आणला. “तुमच्या सिस्टरबाई म्हणजे मात्र डोक्याला ताप. गेल्या महिन्यात ऑफिसात येऊन आणखी एक कोरा तक्ता मागत बसल्या. म्हटलं, तुमच्या गल्लीत पासष्टच्या वरचं दुसरं आहे कोण? ऐकतील तर शपथ. दिला शेवटी. आता तक्त्यावर त्यांची सही हवीय तर दार उघडत नाहीत.”

“पडदा उघडा आहे,” ती म्हणाली.

“पडदा सही करणार का, वहिनी?”

तिने बाळाला उचललं. भीती वाटायला हवी होती, हे तिला कळत होतं. वाटत नव्हती. दुसऱ्याच कुणाचे तरी पाय जिना उतरत होते.

सिस्टरबाईंची किल्ली विजेच्या मीटरमागे असायची. कारकुनाने आत जाण्याआधीच नाकाला रुमाल लावला. आत नुसता कोंडलेला वास होता. पलंगावरची चादर ताणलेली. मोरी कोरडी. खिडकीपाशी एक चप्पल उलटी पडलेली. माणूस नव्हतं.

कारकुनाने त्यांच्या जुन्या दवाखान्यात फोन लावून चौकशी केली. “सोमवारपासून तिथंच आहेत. खुब्याचं हाड मोडलंय, बाकी बऱ्या आहेत. पण कुणाला तरी फोन लावा म्हणून नर्सचं डोकं खातायत, आणि तो काही लागत नाही म्हणे.” त्याने तिच्या या आठवड्याच्या सहा खुणांकडे पाहिलं. “हे ऑफिसात बोलू नका हं. पडदा उघडा होता ना? झालं तर मग.”

खुणा पुऱ्या असल्याचं साहेबांना कळवायला तो जिन्यात गेला.

बाळ जड झालं होतं. ती खिडकीतल्या खुर्चीत बसली. समोर, सरळ नजरेत, एक बंद पडदा होता. तो आपला आहे, हे ओळखायला तिला थोडा वेळ लागला.

चौकटीवर चष्म्याच्या डबीखाली छापील तक्ता होता. नावाच्या जागी तिचं नाव. वयापुढचं ‘६५’ खोडून ‘२६’ केलेलं. महिनाभराच्या खुणा, पहिल्या आठवड्यानंतर सगळ्या दुसऱ्या रकान्यात. बाजूला बारीक अक्षर: पडदा अकरालाही बंद. दार वाजवलं, उघडलं नाही. बाळाला घेऊन गच्चीच्या कठड्याशी, बराच वेळ.

सोमवारची ओळ वाकडीतिकडी, कागदाबाहेर जाणारी.

‘तिच्याकडेच निघाले होते, पडले. दवाखान्याची गाडी येतेय, माझी काळजी नको. हा कागद ज्याच्या हाती पडेल त्याने समोर दुसऱ्या मजल्यावर जावं. पडदा बघून परत फिरू नये. ती उघडेपर्यंत दार वाजवावं.’