अर्धी गोळी

एसेन्कुलने गोळी जिभेवर ठेवली, पण गिळली नाही. सून चहा ओतायला वळली, तशी त्याने ती हळूच तळहातावर काढून घेतली. एका कडेला सुरीने कापल्याची खूण होती. गोळी अर्धीच होती.

संशय होताच, आज खात्री पटली. ही रक्त पातळ ठेवायची गोळी. त्याचं हृदय ठेका चुकवायचं, मध्येच करडासारखं उड्या मारायचं, आणि अशा हृदयात गुठळी धरते. थोरल्या भावाच्या डोक्यात ती अशीच चढली. एवढा घोड्यावरचा माणूस, तोंड वाकडं होऊन अंथरुणातच गेला. तेव्हापासून एसेन्कुलला मरणाची नव्हती एवढी धास्ती गुठळीची होती.

"हे काय आहे, बुरुल?"

बुरुलने नेहमीसारखा दोनच घोट चहा पेल्यात ओतला आणि दोन्ही हातांनी अदबीने पुढे केला.

"उरलेली अर्धी कुठे जाते? माहेरी पाठवतेस की बाजारात विकतेस?"

"तुमच्या मुलाला विचारा, अता," ती खाली मान घालून म्हणाली. वडिलांना आणि सासऱ्यांना इथे अताच म्हणत. "त्यांनीच सांगितलंय, तुमच्याजवळ काही बोलायचं नाही म्हणून."

"विचारतो ना. तुझ्यासमोरच विचारतो."

मुलगा मेदेर मॉस्कोत बांधकामावर होता. लग्न होऊन वर्ष होतंय न होतंय तोच गेला, तेव्हापासून त्याला सुट्टी म्हणून मिळत नव्हती. पण बापाकडे लक्ष असायचं हो. एसेन्कुलला कमी ऐकू येई, म्हणून नारिन शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडे नंबरही मेदेरचाच दिलेला होता.

एसेन्कुलने मेदेरला फोन लावला आणि आवाज मोठा केला. मागे एक तान्हं मूल रडत होतं.

"शेजारच्या खोलीतलं आहे," मेदेर म्हणाला. "बोला, अता."

"तुझी बायको माझी गोळी अर्धी करते. वर म्हणते, तूच सांगितलंस."

दार लोटल्याचा आवाज आला आणि रडणं दबलं.

"मी कशाला असलं सांगेन, अता? मला यातलं काहीच ठाऊक नाही." मग त्याने सुस्कारा टाकला. "घरात मोठे तुम्ही. तिला ठेवा, नाहीतर माहेरी धाडा. तुम्ही कराल ते मला मान्य."

बुरुल फोनकडे बघत राहिली. नवऱ्याला तिने एका शब्दाने विचारलं नाही, आणि एसेन्कुलला तीच चोरीची कबुली वाटली.

त्याला रागापेक्षा वाईटच जास्त वाटलं. बायको गेल्यावर घराच्या किल्ल्या त्याने या पोरीच्या हातात दिल्या होत्या. मध्यंतरी तिने त्याचा वस्तरा लपवला, डोकेदुखीच्या गोळ्या चुलीत टाकल्या, तेव्हा सून आपल्याला किती जपते म्हणून तो शेजाऱ्यापाजाऱ्यांत तिचं कौतुक करत फिरला होता. सगळं नाटक, दुसरं काय.

त्याने स्वतः किटली उचलली आणि तिचा पेला काठोकाठ भरला. काठोकाठ पेला म्हणजे पी आणि ऊठ, एवढं तर इथल्या पोरासोरांनाही कळतं.

बुरुलने तो पेला तळापर्यंत पिऊन उपडा ठेवला. गाठोडं बांधलं. उंबऱ्यावर थांबून म्हणाली, "अर्धीच घेत जा, अता."

"मरायला?" एसेन्कुल म्हणाला.

रविवारच्या नेहमीच्या फोनवर त्याने मेदेरला सगळं सांगितलं.

"बरं केलंत. आणि गोळी?"

"आता अख्खी घेतो."

"घ्या, अता. तब्येत जपा."

पोटचं पोर ते पोटचं पोर, असं एसेन्कुलच्या मनात आलं आणि त्याचे डोळे भरले.

पुढे हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. दंडांवर काहीही न लागता काळेनिळे डाग उठले. एका दुपारी नाकातून सुरू झालेलं रक्त थांबेचना, तेव्हा शेजाऱ्याने त्याला गाडीत घालून नारिनला आणलं.

"अख्खी गोळी?" डॉक्टरीणबाई सायरा त्याच्या नाकात बोळा दाबत म्हणाल्या. "कुणाच्या सांगण्यावरून? रक्त थांबवणारे कण असतात ना, प्लेटलेट्स, तेच तुमचे कमी झालेत. म्हणून तर अर्धी केली होती. बंद केली असती तर गुठळी, अख्खी दिली तर हे असं. तुमच्या मुलाला फोनवर नीट बजावलं होतं मी. तोच म्हणाला, अता घाबरतील, त्यांना नको कळायला. माझी बायको कापून देईल, ती फार जपते त्यांना."

एसेन्कुलला बुरुलने उपडा ठेवलेला पेला आठवला. तरीही वाटत होतं, पोराकडे काहीतरी उत्तर असेल, असायलाच हवं. त्याने फोन लावला. आज रविवार नव्हता.

फोन एका बाईने उचलला. मागे तेच मूल रडत होतं.

"मेदेरला दे. म्हणावं, बाप बोलतोय."

"ते बाळाला अंघोळ घालतायत. पण तुमचा काहीतरी घोटाळा होतोय, आजोबा," ती अदबीने म्हणाली. "माझे सासरे तर आमच्या लग्नाआधीच वारले."