कट्यार आणि कळशी

गुरव देवाची कट्यार घेऊन दारात आला. नऊ वर्षांच्या आवडीचं आज त्या कट्यारीशी लग्न लागायचं होतं. नवरा म्हणायला देव, पण पोर पुढे खोताच्या माडीवर जायची, हे तिची आई स्वतः भोगून बसली होती. तिने हसत पाट मांडला. “उशीर केलात गुरवदादा. पोरीचं लग्न कालच लागलं.” “कोणाशी गो?” तिने मुंडावळ्या बांधलेली तांब्याची कळशी पुढे ठेवली. “हे जावई. रत्नागिरीच्या भटजींनी कुंभविवाह लावला, वाडीने अक्षता टाकल्या. आता दुसऱ्याची बायको देवाला चालते काय?” “जावई फुटला तर?” “म्हणून तर मातीचा नाय केला.” गुरव मिशीत हसला. कट्यार उपरण्यात गुंडाळून तो कळशीपुढे वाकला. “खोताला समजावतो मी. जावईबापू, पोरीला संभाळा हां.” तेवढ्यात आवडी धावत आली आणि नवऱ्याला कमरेवर घेऊन पाण्याला निघाली.