वाघोलीकरांचं राखीव हृदय

दिवाणखान्यात, माशांच्या टाकीशेजारी, मऊ पारदर्शक पिशवीत एक हृदय धडधडत होतं आणि पिशवीही त्याच्याबरोबर फुगत, आक्रसत होती. रुग्ण मिळेपर्यंत दात्याचं हृदय जिवंत राहावं म्हणून डॉक्टर मृणाल खांडेपारकरांनी ही पिशवी घडवली होती. आता अशा पिशव्या तपासायला त्यांना बड्या लोकांच्या बंगल्यांवर जावं लागे.

"पुढेमागे लागलं तर असावं, म्हणून आणून ठेवलंय," धडधाकट वाघोलीकर पाहुण्यांना कौतुकाने सांगत होते.

"तुमचा ड्रायव्हर हणमंत आमच्याकडे शेवटच्या घटका मोजतोय," मृणाल म्हणाल्या. "त्याला हे जुळतं."

"मी हे बसवून घेतलं ना, की माझं जुनं देऊ त्याला!"

पाहुणे खो खो हसले. मृणालना त्या सगळ्यांची शिसारी आली. त्यांनी पिशवी उगाच दाबून पाहिली.

"हे नासलंय. उद्या घरभर घाण सुटेल."

कशाने नासलं, एवढंही वाघोलीकरांनी विचारलं नाही. नाकाला रुमाल लावून ते ओरडले, "उचला ते आधी!"

पिशवी छातीशी धरून मृणाल गाडीत बसल्या. आतलं हृदय ठणठणीत चाललं होतं. त्यांनी हॉस्पिटलला फोन लावला.

"हणमंतला ऑपरेशनला घ्या. मी निघालेय."