मेजर चांगला की वाईट?

“हा कोण? चांगला की वाईट?” तुळजारामांनी विचारलं.

“हा मेजर, मामा. आपल्या गुप्तहेरांचा साहेब. चांगला,” रघुराम त्यांच्या कानाशी कुजबुजला.

“आणि मघाशी पुलावरून पडला तो?”

“तो त्याचा जुळा भाऊ.”

“सेरि, सेरि, बरं,” म्हणत तुळजाराम मागे टेकले. पडद्यावर दोन माणसांनी पेट्यांची अदलाबदल केली, आणि तुळजाराम पुन्हा पुढे झुकले. “हा कोण?”

पलीकडच्या खुर्चीत हरिणीने कपाळाला हात लावला. तिला रघुरामशी लग्न करायचं होतं. दोघं चेन्नईत एकाच कचेरीत कामाला. त्याचं घराणंही मूळचं तंजावरचं, आपल्यातलंच मराठी. जातकं जुळली होती, सगळे राजी होते. राहिला होता फक्त अप्पांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, तुळजारामांचा होकार. “मुलाला एकदा आणून दाखव, मग पाहूं,” असं ते म्हणाले होते. म्हणून आज सकाळी ती त्याला तंजावरच्या राजवाड्यामागच्या घरी घेऊन आली. आता अप्पांनी चार प्रश्न विचारावेत आणि मोकळं व्हावं की नाही! तर म्हणाले, “कॉफीच्या पेल्यापुढे सगळेच गोड बोलतात. चला, सिनेमाला जाऊं.” सिनेमाही त्यांनीच निवडला. हेरगिरीचा, आणि असा गुंतागुंतीचा की लिहिणाऱ्याला तरी शेवटपर्यंत कळला असेल की नाही, देव जाणे. संध्याकाळच्या गाडीने रघुराम परत जायचा होता, आणि अप्पा अजून मेजरपाशीच अडकले होते.

तिला लाज वाटत होती, आणि भीतीही. तुळजाराम कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले. कॉफी निवायच्या आत शब्दकोडं सोडवणारा माणूस. त्याला मेजर आणि मेजरचा भाऊ यांतला फरक कळू नये? अप्पांचं वय तर झालं नाही ना, या विचाराने तिला सिनेमा दिसेनासा झाला.

“सार,” मागचा माणूस तमिळमध्ये कळवळून म्हणाला, “पापनाशमहून बस धरून आलोय. मलाही थोडं ऐकू द्या.”

रघुरामने मागे वळून हात जोडले आणि आवाज आणखी खाली आणला. एकदा त्याने मोठा श्वास घेतला. हरिणीला वाटलं, झालं, संपलं सगळं. पण श्वास सोडून त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्याचं मराठी जरा अडखळत चालायचं, कारण घरात समजायचं सगळं, बोलायचं थोडंच. शब्द अडला की तो तमिळ घालून पुढे जाई.

एकदाच काय ते अप्पा उठले. नायिका बर्फात उतरली मात्र, “जाऊन येतों,” म्हणून ते बाहेर पडले. लगेच गाणं सुरू झालं, ते काही केल्या संपेना. संपलं तेव्हा अप्पा खुर्चीत हजर. नशीब एकेकाचं, असं हरिणीच्या मनात आलं.

मध्यंतरात रघुरामने चकलीसारखे मुरुक्कू आणि शेंगदाणे आणले आणि कागद मांडीवर पसरला. “हे बघा, मामा. हा मोठा मुरुक्कू म्हणजे मेजर. हा तुटका, त्याचा भाऊ. हे शेंगदाणे शत्रूचे हेर.” सगळी कथा त्याने कागदावर हलवून दाखवली. तुळजारामांनी मन लावून ऐकलं, आणि ऐकता ऐकता मोठा मुरुक्कू उचलून तोंडात टाकला.

“आतां मेजर कुठें आहे?” त्यांनी विचारलं.

“तुमच्या पोटांत, मामा.”

हरिणी खळखळून हसली. अप्पा हसले नाहीत. म्हणाले, “मीठ कमी आहे मेजरला.”

शेवटी शेवटी मेजर बॅग घेऊन दारात उभा राहिला, बायकोला ‘पोरेन’ म्हणाला आणि निघाला. बायकोने दार लावलं, फोन उचलला. पुढच्याच चौकात मेजरला गोळी लागली.

“कां मारलं? तो चांगला नव्हे का?”

“नाही, मामा. तोच फितूर. घरातून निघतांना माणूस ‘पोयिट्टु वरेन’ म्हणतो, जाऊन येतों. हा नुसतं ‘जातों’ म्हणाला. परत यायचंच नव्हतं त्याला. तिथेच बायकोने ओळखलं.”

“असं होय,” तुळजाराम म्हणाले.

बाहेर ऊन अजून रखरखत होतं. तुळजाराम स्कूटरपाशी जाऊन किल्ली चाचपू लागले. सिनेमा कसा वाटला नाही, मुलगा कसा वाटला नाही, चकार शब्द नाही. रघुरामने हरिणीकडे पाहिलं. तिने हळूच नकारार्थी मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते. इतका जीव तोडून समजावलं बिचाऱ्याने, आणि सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

रघुराम पुढे झाला, वाकून त्याने नमस्कार केला. चेहरा एवढासा झाला होता.

“जातों, मामा.”

तुळजारामांचा हात किल्लीवरच थांबला. “काय म्हणालास?”

“जातों... म्हटलं.”

“इतकं मज समजावलंस, आणि तुझ्याच डोक्यांत शिरलं नाही?” तुळजाराम म्हणाले. “काल मी एकटा येऊन सिनेमा पाहिला, तेव्हां मेजर ह्याच शब्दाने मेला; आज तुम्हांसवे पाहिला, तेव्हांही मेला. आमच्या घरचे जावई ‘जाऊन येतों’ म्हणतात.”