झाडलेली वाळू

रात्री अंडी घालून गेलेल्या कासवांचे माग आम्ही वनरक्षक सकाळी मोजतो आणि मोजलेला माग माडाच्या झावळीने पुसून टाकतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी तोच परत मोजला जातो.

राजधानीहून आमचं अभयारण्य बघायला आलेली मारिसेल चार दिवस माझ्याबरोबर फिरून वैतागली होती.

"एलादियोकाका, तुमचा जग्वार फक्त अभयारण्याच्या दारावरच्या पाटीवरच राहतो वाटतं."

"पोरी, न दिसलेलाच बरा."

"बरं, आज झावळी तरी माझ्याकडे द्या. तुम्ही मोजा, मी मागून झाडत येते."

मी पुढे मोजत चाललो, ती मागून झावळी फरफटत आली. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला दाट झाडी. नदीच्या मुखाशी किनारा संपला, एकतीस कासवं भरली आणि आम्ही परत फिरलो.

"बघा काका, आपल्या पावलांचासुद्धा माग ठेवला नाही मी," असं म्हणत तिने झावळीने समोरची वाळू दाखवली.



झाडलेल्या वाळूवरून पंजांचे ताजे ठसे सरळ आमच्या मागोमाग आले होते, आणि तिच्यापासून सहा हातांवर झाडीत वळले होते.