रविवारचा गीझर

"आई, हा गीझर दर रविवारी बंद पडतो. नवाच आणतो आता," गणराज म्हणाला.

"काही नको! तुझे बाबा करतात की दुरुस्त," मंजुळाबाई म्हणाल्या.

चाकणच्या कंपनीतून, मेंटेनन्समधून रिटायर झाल्यापासून रंगराव घरात गप्प गप्प बसून असत. गीझर बंद पडला, की मात्र कंपनीचा जुना शर्ट अंगावर चढे, दोन तास खटपट चाले आणि ओठांवर शीळ येई. म्हणून मंजुळाबाईच दर रविवारी पहाटे स्टुलावर चढून गीझरचं बटण गुपचूप शून्यावर फिरवून ठेवत.

गणराजची पाठ वळल्यावर रंगराव हळूच म्हणाले, "अगं, ते स्टूल डुगडुगत होतं. पाय घट्ट बसवून ठेवलाय. पुढच्या रविवारी सावकाश चढ."